तख्तावरून काढलेली माणसं

मी दिवाकर. नुसतं दिवाकर म्हटलं तर कोणी घर दाखवणार नाई, बिछायतवाला दिवाकर म्हणा. बिछायत म्हणजे सतरंज्या, गाद्या, खुर्च्या, मंडपाचे पाइप, सैपाकाचे गंज, कढया, लग्नाले अन् तेरवीले लोक भाड्यानं नेतात ते सारं सामान. माझा बाप आधी सिंदी मेघेले एका शेठच्या बिछायतीवर हमाल होता. शेठनं धंदा बंद केला तेव्हा उरल्यासुरल्या सतरंज्या बाप बैलगाडीत टाकून गावाले घेऊन आला, माझ्या मायनं त्या शिवल्या, ठिगळं लावले, अन् तिथून आमचं चालू झालं. केळझरच्या गणपतीजवळ जेवणावळी होतात तिथं आपले गंज जातात, हे बाप मोठ्या गर्वानं सांगे. मी दहावीपर्यंत शिकलो, मंग बापाची कंबर गेली अन् मी सामान उचलाले लागलो. त्याच्यात सांगण्यासारखं काई नाई. लोकायच्या सुखात गेलो, लोकायच्या दुःखात गेलो, दोन्हीकडे सतरंजी तीच राहते.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातच, यशोदेच्या काठाले. वरचं गाव उंचावर, तिथं शाळा, ग्रामपंचायत, मारुतीचं देऊळ, माझं गोदाम. खालची वस्ती नदी अन् नाल्याच्या मधात बसली आहे. काऊन बसली तिथं, असं तुम्ही शहरातून लिहून घ्याले आलेले लोक इचारता. वर जागा कोणी देल्ली नाई म्हणून बसली, इतकंच.

पहिला पूर आला तेव्हा पाऊस पहाटेपासून एकसारखा, नदीचं पाणी नाल्यात उलटं शिरलं अन् वस्तीच्या चारी बाजूनं पाणी. सरपंचानं तहसीलले फोन लावला, तिकून उत्तर आलं की बोट निघाली आहे. कुठून निघाली, कुठं पोचली, कोणाले मालूम. मी गोदामात पाह्यलं, लग्नाचं तख्त होतं. तख्त म्हणजे ज्याच्यावर नवरा-नवरीची खुर्ची ठेवतात तो लाकडी स्टेज, चांगला जाड, आमच्या गावच्या सुतारानं केलेला. पाणी भराचे निळे ड्रम होते. ड्रमाची बुचं पक्की लावली अन् मंडपाच्या दोरानं तख्ताखाली बांधले. वावटळीत मंडप आमच्या गाठीवर उभा राहते, तर पाण्यात काऊन नाई राह्यणार. दुसरा लांब दोर पिंपळाले बांधला अन् आम्ही मंडपवाले ढकलत ढकलत वस्तीत गेलो. सुलोचनाकाकूचा सासरा, नामदेवबुढा, लकव्यानं बाजेवर पडून राहे. त्याले तख्तावर नुसतं निजवलं तर घरंगळे. मंग आम्ही नवरीची लाल मखमलीची खुर्ची आणली, दोरानं तख्ताले बांधली अन् बुढ्याले तिच्यात बसोलं. बुढ्याचं तोंड वाकडं झालेलं, पण तेवढ्यातही मले म्हणे, दिवाकर, नवरी कुठं आहे बे. दुपारपर्यंत सारी वस्ती शाळेत. भांडे, गोधड्या, गहू, बकऱ्या, सारं कोरडं. नाल्याच्या पलीकडं एक टोली, म्हणजे थोड्या घरांचा पाडा, आहे, तिथं आम्हाले जाता नाई आलं. तिथले लोकं छतावर बसून होते. सायंकाळी सरकारी बोट आली, तिनं त्याईले काढलं, फोटो काढले, गेली.

आता ऐका. पाणी उतरल्यावर पंचनामे झाले. टोलीवाल्यायचे नावं पूरग्रस्तात आले, वस्तीवाल्यायचे आलेच नाई. मी सुलोचनाकाकूले घेऊन तहसीलले गेलतो. काकू विधवा बाई, निंदनाले, कापूस वेचाले जाते, पोरगा बाहेरगावी कंपनीत, घरी हा बुढा, सून अन् नातू. तिथला बाबू म्हणे, सरकारी बोटीनं काढले ते पूरग्रस्त, तुम्ही तर स्वेच्छेनं स्थलांतर केलं, तसंच लिहून आलं आहे. काकू म्हणे, साहेब, घरात कमरेइतकं पाणी होतं. बाबू म्हणे, असन, पण तुम्ही नव्हत्या ना घरात. मंग भांड्याकुंड्याचं इचारलं. काकूनं खरं तेच सांगतलं, भांडे वाचले, दिवाकरनं काढले. बाबूनं लिहिलं, नुकसान निरंक. भिंत पडली होती तर म्हणे ती आधीच कच्ची होती. खोटं काई लिहिलं नाई त्यानं, हे मी मान्य करतो. आम्ही वापस आलो. बसमधून उतरतानी काकू इतकंच म्हणाली, दिवाकर, तू आम्हाले लवकर काढलं.

अन् मले नोटीस. विनापरवाना लोकं वाहून नेले म्हणून. सदर नौकेची नोंदणी, योग्यता प्रमाणपत्र, लाइफ जॅकेट अन् नावाड्याचा परवाना सादर करावा, असं लिहिलं होतं. मी गेलो, म्हटलं साहेब, ते नौका नाई, ते तख्त आहे, त्याच्यावर नवरा-नवरी बसतात. साहेब म्हणे, मंग पाण्यात काऊन टाकलं. म्हटलं, लोकं पाण्यात होते म्हणून. तसं लेखी द्या म्हणे. देल्लं. त्याच्यावर पुढं काई आलं नाई, पण फाइल बंद झाली असंही कोणी सांगत नाई. दर उन्हाळ्यात त्याच तख्तावर नवरदेवाचे दोस्त नाचतात, तेव्हा कोणी योग्यता इचारत नाई. मी रागानं नाई सांगून राह्यलो, जसं झालं तसं सांगतो.

एक साल सोडून पुन्हा पूर आला. ह्या खेपेले आमची तयारी होती, तख्त बांधूनच ठेवलं होतं. पाणी अंगणात चढून राह्यलं होतं तेव्हाच आम्ही वस्तीत पोचलो, अन् कोणी बसेना. काय सांगू तुम्हाले, लोकं दारात उभे, पाणी पिंढरीपर्यंत, अन् मले हात दाखवून राह्यले, जा, वापस जा, जसं मी भीक मागाले आलो. एक जण म्हणे, तुह्या तख्तावर बसलं की माणूस सरकारच्या हिशेबातून जाते. सुलोचनाकाकू उंबऱ्यात उभी, तिच्या मागं बाजेवर बुढा, बाजेच्या पायांखाली विटा लावून बाज उंच केली होती, सून पोराले कडेवर घेऊन. म्हटलं, काकू, बुढ्याले तरी दे. काकू म्हणे, बुढ्यालेच तर पाह्यलं पायजे त्यायनं, सरकारी बोट येऊ दे, तलाठ्याले डोळ्यानं पाहू दे, मंग कुठंही ने. म्हटलं, अन् बोट नाई आली तर. काकू विटांकडं पाहत होती. वरची वीट बुडून राह्यली होती.

तलाठी मॅडम वर शाळेजवळ छत्री घेऊन उभ्या होत्या. नवीन होत्या, सोलापूरकडच्या, आमची बोली त्याईले अर्धी समजे. मी ओलाच गेलो अन् सीधा सांगतलं, मॅडम, तुम्ही पाह्यल्याशिवाय ते निघत नाई, अन् बुढा पाण्यात जाईन. मॅडम म्हणाल्या, मला आदेश आहे, शासकीय बोट आल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, अनधिकृत साधन तर वापरायचंच नाही. त्यायनं वर फोन लावला. वरून सांगतलं, बोट दुसऱ्या गावाले गुंतली आहे, थांबा. पुन्हा लावला, कोणी उचलला नाई. मॅडमनं तख्ताकडं पाह्यलं, ड्रमाकडं पाह्यलं. मले इचारलं, भाऊ, हे मला पेलेल? म्हटलं, नवरदेवाच्या दोस्तायले पेलते. मॅडम हसल्या नाई. म्हणाल्या, मला पोहता येत नाही, आणि हे खाली कुणाला सांगू नका. खाली नाई सांगतलं. तुम्हाले आता सांगून राह्यलो, पण त्याईचं नाव लिहू नका.

त्या त्याच लाल खुर्चीत बसल्या, दोन्ही हातानं हत्ते धरून, डोळे मिटून. काकूच्या दारात पोचलो तेव्हा पाणी बाजेच्या सुतळीले लागलं होतं. मॅडमनं डोळे उघडले, फोटो काढला, बुढ्याचं नाव लिहिलं, काकूचं, सुनेचं, पोराचं लिहिलं. म्हणाल्या, झालं, मी पाहिलं, चला आता. काकू म्हणे, पण ही सरकारी बोट नाई, हे चालन का.  मॅडम म्हणाल्या, काकू, मी इथं पाण्यात आहे, माझं जे होईल ते तुमचं होईल. काकूनं बुढ्याच्या मानेखाली हात घातला अन् मले म्हणे, धर पायाकून. तिचं पाहून सारी वस्ती निघाली. मॅडम प्रत्येक दारापर्यंत आल्या, प्रत्येक दाराचा फोटो काढला. बुढा वाचला, सारेच वाचले. बोट त्या दिवशी आलीच नाई. बोटवाल्यायचा दोष नाई, एक बोट किती गावं करीन. बाकीच्या बोटी काऊन नाई, हे ज्याईले इचाराचं त्याईले इचारा, तुम्ही पत्रकं काढता.

यादी वर गेली अन् वापस आली. शेरा असा, की त्या दिवशी रस्ता बंद होता अन् शासकीय बोट पोचली नव्हती, तर पंचनामा करणारा कर्मचारी स्थळावर पोचला कसा, खुलासा करावा. मॅडमनं खरं लिहिलं, तख्तावरून गेले. मंग अनधिकृत साधन काऊन वापरलं त्याचा खुलासा. मंग बदली. जातानी मॅडम गोदामाकडं आल्या, चहा घेतला. म्हणाल्या, भाऊ, पाणी ओसरल्यावर चालत गेले असं लिहिलं असतं तर यादी पास झाली असती. म्हटलं, मंग काऊन नाई लिहिलं. म्हणाल्या, मग बोट आली नव्हती हे कुठं दिसलं असतं.  मले तेव्हा वाटलं, खोटंच लिहिलं असतं तर बरं झालं असतं, वस्तीचं तरी भलं झालं असतं. अजूनही कधी कधी वाटते. यादी अजून तिकडंच आहे. नामदेवबुढा हिवाळ्यात गेला, घरात, कोरड्या बाजेवर. त्याच्या तेरवीले सतरंज्या मीच नेल्या.

आता लोकं हुशार झाले. ह्या वर्षी पावसाळ्याआधी वस्तीवाल्यायनं देवळात बैठक घेतली, मलेही बलावलं. त्याईचं आपसात ठरलंच होतं, मले फक्त सांगाचं होतं. पाणी आलं की लेकरंबाळं, म्हातारे, ढोरं-बकऱ्या तख्तावरून जातीन. पण घरटी एक माणूस मागं राहीन, सरकारी बोट येईस्तोवर, म्हणजे घर रिकामं होतं असं कोणी लिहिणार नाई. मी म्हटलं, हे काय ठरवलं तुम्ही, जीव जाईन एखाद्याचा. एक जण म्हणे, तुह्याजवळ दुसरं काई असन तर सांग. नव्हतं माझ्याजवळ. मी बिछायतवाला, मी काय सांगणार. मंग एकेका घराचं नाव घेतलं, कोण राहते ते इचारलं, जसं लग्नात पंगतीले कोण वाढन हे ठरवतात तसं, शांतपणानं. काकूच्या घराचं नाव आलं तर सून म्हणे, मी. काकूनं तिले दाबलं, तुह्यं लेकरू लहान आहे, मी राहीन. मी म्हटलं, काकू, तुले पोहता येते का. म्हणे, नाई येत. मंग म्हणे, सरकारनं पोहण्याचं कुठं इचारलं.

असं आहे. तख्ताले ह्या उन्हाळ्यात नवीन फळ्या लावल्या, दोर बदलला. नोटीस आली तर अजून एकदा लेखी देईन. पाऊस तर पायजेच, कपाशी माना टाकून राह्यली, शेती पिकली तर लग्नं होतीन अन् माझं सामान हालन. पडू दे, साऱ्यायचं भलं होऊ दे. फक्त रातचा नोको. दिवसा पडो, म्हणजे मागं राहतीन ते दिसतीन तरी.