मीटर बंद असेपर्यंत

— नाही, थांबा दादा, ते परत सांगा. ही ब्रेकची डबी काढली की मीटर चालणार नाही? काटा हलणार नाही ते कळलं — पण खालचे आकडे? किलोमीटरचे? तेही नाहीत? गाडी कितीही फिरवली तरी? ... इकडे तोंड करून बोला जरा. रागावले नाही हो. तिकडे गॅरेजच्या ऑफिसात, काचेच्या आत काठी घेऊन बसलेत ना, ते वडील माझे. ऐकू नाही जाणार, पण ओठ बघतात ते.

आणि ब्रेक? लागतील ना? — साधे लागतील, फक्त एबीएस नाही. जोरात दाबला तर चाकं जाम होऊन घसरेल, म्हणून हळू चालवायची. अहो, हळूच चालवते मी. मला जायचं असतं कुठे? औषधांचं दुकान, दवाखाना, भाजी, घर. परत आले की बाबा खाली उतरतात आणि टॉर्च मारून आकडे बघतात. संशय — नाही, संशय नाही म्हणता येणार, सवय आहे. बसडेपोत तपासनीस होते, उभा जन्म त्यात गेला. कुठलं दुकान किती लांब, सगळं तोंडपाठ. एकदा रस्ता खणलेला म्हणून वळसा घालून आले, तर जेवताना शांतपणे विचारलं, "आज जास्त कशी पळाली?" आणि मी, एवढी पन्नाशीला आलेली बाई, घास ठेवून खणलेल्या रस्त्याचा हिशेब देत बसले.

सुटली? बघू. एवढीशीच? आणि पंप जागेवरच — बरं, म्हणजे ब्रेक ऑइल सांडायचं नाही. उघड्या जागेवर ते प्लॅस्टिक घट्ट बांधा हं. आता ही दुरुस्तीला बाहेर जाणार ना? तीन-चार दिवस? दादा, आठ करा. दहा करा ना.

का म्हणजे — धाकटी बहीण आहे माझी, पुलापलीकडे राहते. स्वतःच्या मनानं लग्न केलं, तेव्हापासून बाबांनी नाव टाकलं तिचं. आता पायऱ्यांवरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. नवरा कामावर, ही दिवसभर एकटी, पाण्याची बाटली उशाशी घेऊन. फोनवर म्हणते, ताई, तू नको येऊस, उगाच तुला बोलणी बसतील. वर हसते. मी सांगत राहायचे, गाडी बिघडलीय गं. मग हा ब्रेकचा पिवळा दिवा खरंच लागला, तर मला बरंच वाटलं — निदान खोटं तरी बोलावं लागेना.

बसनं अर्धा दिवस जातो हो. आणि बाबा दुपारी झोपेतून उठले नि मी दिसले नाही तर हाका मारतात — माझ्या नावानं नाही, आईच्या. ते वाईट माणूस असते तर कधीच सुटले असते मी. गाडीनं तासाभरात जाऊन येईन, तिचे केस धुऊन देईन, बस, तेवढंच. आकडे का हलले नाहीत म्हणाले, तर सांगेन डबी दुरुस्तीला गेलीय. खरंच आहे ते! तुम्हाला खोटं बोलायला नाही सांगत. नुसता उशीर करा. उशीर काय, सगळेच करतात —

उठले. आले बघा.

काही नाही बाबा, डबी काढली तीच दाखवत होते. हो, ब्रेकचीच. नाही, ब्रेक लागतात, साधे लागतात — दादा, सांगा ना तुम्ही ... घसरेल ते जोरात दाबला तरच, बाबा, आणि मी कुठे एवढी — हो. बरोबर आहे तुमचं. कळतंय, काळजीनंच म्हणताय. गाडी इथेच? डबी येईपर्यंत? पण तुमची औषधं — चालत. हो, चालत आणता येतील. किल्ली? ही घ्या. तुम्ही व्हा पुढे, पायरी बघून उतरा, मी आलेच.

दादा, दहा नकोत. मघाचं सगळं विसरा. आजच पाठवा ती डबी, आणि लवकर आणा, जमेल तितकी लवकर — आले, बाबा.