एका घराला एक मत

आपल्या बापांचं एक आहे बघा, हात वर करायचा असला तरी आधी साहेबाकडे बघतात. दोह्यात एशियन गेम्सची बांधकामं चालू होती तेव्हाची गोष्ट. मी शाळा सोडली होती, पण बहीण तिथेच पत्र्याच्या वर्गात शिकत होती. मे महिन्यात एसी बंद पडला आणि ती चक्कर येऊन पडली. नवी इमारत हवी तर शाळा कर्ज काढणार, ते फेडायला फी वाढणार, म्हणून पालकांचं मतदान ठेवलं. एका घराला एक मत, तेही सगळ्यांसमोर हात वर करून.

अब्बांचे मॅनेजर पुढच्याच रांगेत, फीवाढीच्या विरोधात. सभेच्या अध्यक्षांनी इमारतीच्या बाजूचे हात मागितले, तसे अब्बा हात मांडीखाली दाबून बसले.

मी म्हटलं, "अब्बा, पोरगी तुमची की त्यांची?"

"गप बस. शाळा सोडलेल्याने मला शिकवू नये."

तेवढ्यात अम्मी "यल्ला, चला, उचला" म्हणाली आणि कोपर धरून तिने त्यांचा हात वर केला.

अध्यक्ष हसले, "भाभी, घराला मत एकच आहे हां."

"एकच आहे. हात यांचा, मत माझं."

हॉल हसला. मॅनेजर वळून बघायला लागले. अम्मीने कोपर सोडलं.

अब्बांचा हात वरच राहिला.