समोरच्या आरशातलं दुकान

…आणि वर मलाच विचारतात, "अहो, कानाला काय झालं?" काय होणार? पट्टी दिसतेय ना? कापला! केस कापणाऱ्या माणसाचा कान कापला, हसा, पोटभर हसा, सकाळपासून सगळी गल्ली हसतेय, त्यात तुमची भर! पण कसा कापला ते ऐकून तरी घ्या… तुम्हाला सांगतो, एकटा होतो तेव्हा असलं काही नव्हतं!

एकटा म्हणजे लग्नाआधी नव्हे हो, लगेच कुठे पोचलात! दुकानाचं बोलतोय मी. अख्ख्या गल्लीत सलून एकच, आमचं. बाबांनी काढलेलं, आता मी चालवतो, आणि बाबा कोपऱ्यातल्या बाकड्यावर पेपर वाचत बसतात. दोन खुर्च्या, त्यातली एक मोडकी. पंखा फिरला तर फिरला. गिऱ्हाईक म्हणायचं, "बाजूने बारीक करा, वर जरा मोठे ठेवा," मी "हो हो" म्हणायचो आणि सगळीकडून सारखे बारीक करायचो. गल्लीतला प्रत्येक पुरुष मागून सारखाच दिसायचा, बायका हाक मारताना चुकायच्या! तक्रार? करून जाणार कुठे? कुणी कुरकुरलंच, तर कात्री हवेत धरून मी एवढंच म्हणायचो, "मग दुसरीकडे बघा." दुसरीकडे म्हणजे बस पकडून! माझी भाची कॉलेजात शिकते, ती म्हणते, "मामा, याला मक्तेदारी म्हणतात." मी म्हटलं, "बाळ, आम्ही याला बरं चाललंय म्हणायचो."

आणि एक दिवस समोरचं शटर वर गेलं. बरोब्बर समोर! एवढी लांबलचक गल्ली, पण याला जागा सापडली ती माझ्या नाकासमोर. भाची म्हणते, "गिऱ्हाईक जिथे आधीच येतं, तिथेच नवा येऊन बसतो, मामा. पुस्तकात आहे." पुस्तकाला काय जातंय हो? आणि हा समोरचा कसा, तर गोड! हात जोडून आला, "दादा, तुमचा आशीर्वाद असू द्या." आता आशीर्वाद मागणाऱ्याला शिव्या कशा घालायच्या? दिला आशीर्वाद! नको तेवढा लागला त्याला.

त्यात आरसे. माझ्या आरशात त्याचं दुकान, त्याच्या आरशात माझं. गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून नजर वर गेली की हा दिसलाच… त्याच्याकडे कोण बसलंय, किती हसतंय, डोकं किती वेळ चोळून घेतंय… मग काय! त्याने दर उतरवला, मी उतरवला. त्याने डोक्याला मालिश सुरू केलं, मी मानेलाही. त्याने पाटीवर लिहिलं "आधुनिक", मी लिहिलं "अति आधुनिक". त्याने गरम टॉवेल आणले, तर आमच्या घरात आमची ही ओरडतेय, "अहो, कपाटातले माझे टॉवेल गेले कुठे?" अगदी ती मोडकी खुर्चीसुद्धा दुरुस्त केली हो मी! आणि गिऱ्हाइकं? कालपर्यंत मुकाट मान खाली घालणारी माणसं, त्यांना एकाएकी वाचा फुटली. आमचे टकलूकाका, कानामागे चार केस, तेसुद्धा खुर्चीत बसण्याआधी विचारतात, "काय रे, माझा दर निम्मा का नाही? समोरचा डोकं बघून भाव करतो!" एकटा होतो तेव्हा हेच काका पूर्ण पैसे देऊन वर "थँक्यू" म्हणायचे!

तरी मी तग धरून होतो. पण परवा आरशात बघतो, तर समोरच्या खुर्चीत कुणीतरी म्हातारं माणूस, तोंडाला फेस, मांडीवर घडी घातलेला पेपर… तो पेपर माझ्या ओळखीचा! वळून कोपऱ्यात बघतो, तर बाकडं रिकामं. आमचे बाबा! स्वतःचं दुकान सोडून, रस्ता ओलांडून, समोरच्याकडे दाढीला!

संध्याकाळी विचारलं, "बाबा, हे काय?" तर पेपरातून मान वर न करता म्हणाले, "वस्तरा असतो माझ्या गळ्यावर आणि तुझं लक्ष असतं समोर. मला अजून जगायचंय." लागलं हो मला. वस्तरा कसा धरायचा हे ज्यांनी हात धरून शिकवलं, त्यांनीच असं म्हणावं? त्या रात्री जेवण गेलं नाही. म्हटलं, बस्स झालं, काही करून बाबा परत आपल्या खुर्चीत बसले पाहिजेत.

म्हणून काल दुपारी दुकान तसंच उघडं टाकलं आणि गेलो समोर. तह करायला! तसे माझे केसही वाढले होते. बाबांचा हात आता थरथरतो, मग माझे कापणार कोण? खुर्चीत बसलो, त्याने कापड बांधलं, आणि काय सांगू, बोलता बोलता सगळं जुळलं! दर दोघांचा एकच. मालिश दोघांचं बंद. टॉवेल घरी परत. "दादा, आधीच बोलायला हवं होतं," तो म्हणाला. माझेही डोळे भरून आले… आणि तेवढ्यात आरशात दिसलं, माझ्या दारात टकलूकाका! माझी मान वळली, त्याचीही वळली, आणि मध्ये कात्री. कच्! मी ओरडायच्या आधी हा ओरडला, "काका, इकडे या, मालिश फुकट!" अहो, करार होऊन मानेवरचं कापडसुद्धा निघालं नव्हतं! आणि माझं बघा, कान धरून मीसुद्धा ओरडतोय, "काका, निम्मा दर!"

काका तिथूनच म्हणाले, "मला नको रे काही. तुझ्या बाबांना शोधतोय. मागच्या गल्लीत एका ताईंनी खुर्ची टाकलीय म्हणे, तिकडे गेले काय?"

धावलो! पुढे मी, गळ्यात कापड, अर्धं डोकं कापलेलं, मागे हा कात्री घेऊन, लोकांना वाटलं खून होतोय. बघतो तर छोटीशी खोली, एकच खुर्ची, आणि खुर्चीत बाबा, गुळगुळीत दाढी करून चक्क झोपलेले. हाक मारली, तर एक डोळा उघडून म्हणाले, "हळू बोला. इथे समोर नुसती भिंत आहे. हिचं लक्ष माझ्या गालावर असतं."

ताईंनी माझ्या डोक्याकडे बघितलं, म्हणाल्या, "अर्धं राहिलंय तुमचं, बसा बाकड्यावर. आणि तुम्हीही बसा, तुमचेही वाढलेत." मी म्हटलं, "ताई, बाजूने बारीक, वर जरा मोठे ठेवाल ना?" तर त्यांनी कात्री हवेत धरली आणि म्हणाल्या, "नाहीतर दुसरीकडे बघा."

बसलो! दोघंही बसलो, शेजारी शेजारी, मुकाट. एकट्या आहेत ना त्या… सगळीकडून सारखे बारीक केले. आता मागून आम्ही दोघं अगदी सारखे दिसतो. आज सकाळी आमच्या हिने गल्लीत येऊन "अहो, चहा झालाय" म्हणून हाक मारली… समोरच्याला! आणि तो पिऊनही गेला.