प्रस्तावाची होळी

रंकाळ्याच्या बसमध्ये पुढच्या सीटवर अग्निशमन दलाचे दोन जवान बोलत होते. बायडाबाईंनी भाजीची पिशवी मांडीवर घेतली आणि कान तिकडं लावला.

"केरबाअण्णा, मी कुरुंदवाडला सासरवाडीला गेलतो. आंदोलनाचं काय झालं?"

"युनियननं पेन्शनच्या प्रस्तावाची होळी केली. स्टेशनच्या गेटवरच."

"प्रस्तावात हाय तरी काय?"

"पूर्ण पेन्शन पायजे तर साठीपर्यंत शिडी चढायची. माझे गुडघे आत्ताच नको म्हणत्यात."

"मग जळला का प्रस्ताव?"

"पेटवला की. अध्यक्ष घोषणा देत हुते, तेवढ्यात विझला."

"वाऱ्यानं?"

"न्हाय. मी विझवला."

"तुम्ही?"

"जाळ दिसला आन् वाळूची बादली हातात आली. डोकं मागनं पोचलं."

"अध्यक्ष काय म्हणाले?"

"परत पेटवा म्हणाले."

"मग?"

"परत सगळ्यांनीच विझवला. अध्यक्ष पण हुते त्यात."

बायडाबाईंचा स्टॉप आला. त्या उठल्या नाहीत.

"पेपरात फोटो आला म्हणं?"

"व्हय. बादलीसकट माझाच. साहेबानं कापून केबिनमध्ये लावलाय."

"कौतुक केलं म्हणायचं."

"केलं की. अंगात एवढी चपळाई हाय, तर साठीपर्यंत काय अडचण हाय, म्हणाला."