नुकुनोनूची दुसरी खेप

न्यूझीलंडच्या ताब्यातल्या नुकुनोनू बेटावर स्वराज्यासाठी दुसऱ्यांदा मतदान होतं. रांगेत माझ्यापुढे मेलेका होती आणि तिच्यापुढे तिची सासू, अकाता.

"आई, या वेळी 'हो' करा हं. आपला कारभार आपण बघू."

"आणि न्यूझीलंडचा पासपोर्ट?"

"राहणार. दवाखान्याला न्यायचं जहाजही येत राहणार. कागदावर लिहिलंय तसं."

"मागच्या वेळीही लिहिलं होतं."

"तरी तुम्ही 'नाही' केलंत! थोडक्यात हुकलं तेव्हा."

"तेव्हा तुझे सासरे वेलिंग्टनच्या दवाखान्यात होते. म्हटलं, आपण वेगळे झालो तर त्यांना अर्ध्या उपचारातून घरी धाडतील."

"असं कसं धाडतील? आणि हे बोलला का नाहीत कधी?"

"विचारलं कुणी? सगळी मला भित्री म्हणून मोकळी झालात."

"चुकलंच आमचं. मग आता?"

"आता ते चर्चमागे निजलेत. त्यांना कोण कुठे धाडतंय? आता 'हो'च करणार."

अकाताचं नाव पुकारलं गेलं. ती काठी टेकत आत गेली. मेलेका रांगेतून बाजूला झाली आणि माझ्याकडे वळली.

"काका, तुम्ही व्हा पुढे. आईंना अजून सांगितलं नाही, पण आमचे हे परवाच्या जहाजाने वेलिंग्टनला निघणार आहेत, ऑपरेशनला."