बाबा आगगाडीने निघालेत

"हॅलो?… हो ताई, बोल… हो, इल्वाच. माझ्या फोनवर दुसरं कोण असणार?… बाबांच्या घरचा फोन कुणी उचलत नाही? कसं उचलणार? ते माझ्या शेजारी बसलेत… शेजारी म्हणजे शेजारी. संत्रं सोलतायत."

इल्वाने फोन कानापासून हातभर लांब धरला. पालेर्मोच्या हॉटेलातून थोरली बहीण मारित जे बोलत होती ते समोरच्या बाईंनाही ऐकू गेलं असावं, कारण त्यांनी हळूच मासिक चेहऱ्यासमोर धरलं. गाडी इटलीच्या अगदी टोकाला, समुद्राकाठी उभी होती. आता डबे सोडवून, थोडे थोडे करून बोटीत चढवणार होते. पलीकडे सिसिली. परवा तिथेच, पालेर्मोत, मारितच्या मुलीचं, टूवाचं लग्न.

"झालं बोलून?… मग ऐक. गोटेनबर्गहून बोटीने जर्मनीत आलो, तिथून आगगाडी. तेव्हापासून आगगाडीच… आहे ना लक्षात. कानाचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी विमान नको म्हटलंय. पण ताई, विमान नको म्हटलं होतं. घरी बसून पडद्यावर नातीचं लग्न बघा, असं नव्हतं म्हटलं. तो उपचार तुझा… हो, हो, तुम्ही दुपारच्या जेवणाला पोचलात. अभिनंदन… बॅगा? अजून नाही आल्या? अगं बाई. म्हणजे तू पालेर्मोत आणि लग्नाचे कपडे कोपनहेगनला… हसत नाहीये गं. खोकला आला.

"हाल? झाले ना हाल. बोटीवर बाबांनी दोनदा ताट भरून मासे खाल्ले. मग वाद्यवृंद सुरू झाला, तर फिनलंडच्या एका बाईंबरोबर नाचले. हॅम्बुर्गला सॉसेजच्या रांगेतून हलेनात, म्हणून पुढची गाडी चुकली. फारच वाईट अवस्था आहे त्यांची… थांब, विचारते. बाबा, स्वित्झर्लंडच्या बोगद्यात कान दुखला होता का?… म्हणतायत, तेव्हा नाही. आत्ता दुखतोय."

बाबांनी संत्र्याची फोड समोरच्या बाईंपुढे धरली. बाईंनी ती घेतली आणि मासिक खाली ठेवलं. इल्वा उठून डब्यातल्या बोळात आली आणि कप्प्याचं दार मागे ओढून घेतलं.

"हं, आता मी एकटी आहे. आता मला सांग, कालोजेरोच्या आईला तू काय सांगितलंस?… काय म्हणजे? आपल्या जावयाची आई, टूवाची होणारी सासू. तिला काय सांगितलंस बाबांबद्दल?… मी सांगू? आजोबा अंथरुणाला खिळलेत, माणसं ओळखत नाहीत… फक्त खिळलेत म्हणालीस? बरं, ओळख तरी शिल्लक ठेवलीस. उपकार झाले… अगं, ती बाई रोज चर्चमध्ये बाबांच्या नावाने मेणबत्ती लावतेय. टूवाला तिनेच सांगितलं. पोरीने घाबरून बाबांना फोन केला. बाबा तेव्हा शिडीवर चढून छपराची पन्हळ साफ करत होते.

"… हो, ताई. त्यांना माहीत आहे. सगळं."

या क्षणासाठी इल्वाने गोटेनबर्गपासून टोमणे जमवले होते. काही तर इतके झकास होते की बोटीवर झोपण्यापूर्वी तिने ते स्वतःशीच म्हणून पाहिले होते. आता पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला आणि तिला त्यातला एकही आठवेना.

"… हं… हं… हो. हॉस्पिटलात तूच होतीस, रोज. मी एकदा आले, फुलं घेऊन. विसरले नाहीये मी… दमली होतीस, कळतं गं. त्यांना एवढ्या लांब आणायचं, सांभाळायचं, त्यात लग्नाची धावपळ. पण मग दमले म्हणायचं ना. मी आणलं असतं… हो, तेही खरं. तू विचारलं असतंस, तर आधी मी काहीतरी लागट बोलले असते."

डब्याला मागून धक्का बसला आणि तो सावकाश पुढे सरकू लागला. कप्प्याचं दार उघडलं. बाबा कोट चढवून उभे होते. त्यांनी हात पुढे केला.

"बाबांना बोलायचंय… नाही, आता नको म्हणू नकोस. दिला त्यांच्याकडे."

बाबांनी फोन एका कानाला लावला, मग दुसऱ्या.

"मारित?… हं, आता येतंय ऐकू… नाही, रागावलो नाही… रागावलो होतो. स्वित्झर्लंडपर्यंत. पुढे खिडकीतून तळी फार छान दिसायला लागली… ऐक, पोरी. मी आहे तेवढा म्हातारा मला राहू दे. त्यापुढचा माझा मी होईन. तू घाई करू नकोस… बरं… बरं… त्या बाईंना काही सांगू नकोस. मी सांगतो, मेणबत्ती लागू पडली म्हणून… रडतेयस की हसतेयस?… मारित?… हॅलो?"

खिडकीबाहेर अंधारून आलं. डबा बोटीच्या पोटात शिरला होता आणि दोन्ही बाजूंना रंग उडालेल्या लोखंडी भिंती होत्या. बाबांनी बंद पडलेला फोन परत दिला.

"काय म्हणाली?" इल्वाने विचारलं.

"स्टेशनवर घ्यायला येतेय. आत्ताच निघते म्हणाली."

"आत्ता? अहो, आपण पोचायला संध्याकाळ होईल. गाडी उशिरा आहे. सांगितलंत ना तिला?"

"राहिलं," बाबा म्हणाले, आणि डब्यातून उतरून बोटीच्या वरच्या मजल्यावरून समुद्र बघायला जिना चढू लागले.