चुकांची शाल

नाही सर, मी तेव्हाही हेच म्हणत होतो आणि आजही म्हणतो. चूक करायला सभासद असावं लागत नाही, मग ती सांगायलाच का लागतं? तुम्ही म्हणणार, "बन्सी, संस्थेच्या घटनेत तसं लिहिलंय." मी म्हणणार, ती घटना तुमच्याशिवाय वाचतं कोण? तुम्ही म्हणणार, "खाली बस." तर मी बसलेलोच आहे, इकडं बेंगळुरूत, कॅन्टीनच्या बाकावर. आणि माझं भाषण तिकडं माझा मावसभाऊ पुंजाराम उभा राहून वाचतोय.

हां, आधी मानपान. सभेच्या अध्यक्ष माननीय प्राचार्या मॅडम, मुख्य कार्यालयातून विमानानं आलेले आणि विमानामुळंच उशीर झालेले आदरणीय पाहुणे, विमान अभियंता संस्थेच्या छत्रपती संभाजीनगर शाखेचे मानद सचिव व आजचे सत्कारमूर्ती सूर्यभान सर, त्यांच्या सौभाग्यवती चतुराकाकू, आणि पोह्यांच्या वासाकडं लक्ष ठेवून बसलेल्या बंधुभगिनींनो, सगळ्यांना बन्सीचा नमस्कार.

आज सरांबद्दल गोड बोलायचा रिवाज आहे. ते काम तुमच्याकडं. मी शिकलो आठवीपर्यंत, तीही अर्धी. मला एवढंच सांगायचंय की ही संस्था करते काय. हाच सवाल माझ्या बापानं, मुंजाबानं, मेंढरं कोंडता कोंडता मला केला होता.

"बन्सी, ती तुही विमानवाल्यांची संस्था खत देती का?"

"नाय, दादा."

"मंग विमान बनवती?"

"ते बी नाय. बनवणारे तिथं जमतात. भाषण व्हतं, पोहे व्हतात. अन् वर्षातून एक डाव समदे आपापल्या कामातल्या चुका सांगतात."

दादांचा हात दोरीवरच थांबला. "समद्यांम्होरं?"

"व्हय."

"अन् हाकलीत नाहीत?"

"नारळ देतात."

"म्हंजी हाकलतातच की!"

"तसा नाय, खायचा नारळ. ज्याची चूक दुसऱ्याच्या लई कामाची, त्याला वरून शाल."

दादांनी दोरीची गाठ आवळली. मग म्हणाले, "मंग जात जा."

मी जायला लागलो ते काही ज्ञानासाठी नाही. शेंद्र्याच्या कारखान्यात विमानाचे सुटे भाग व्हायचे, तिथं सर तपासणीचे साहेब आणि मी भागांची धार घासणारा हेल्पर. व्याख्यानाला माणसं कमी पडली की सर आम्हाला गाडीत घालून हॉलवर आणायचे आणि पुढच्या रांगेत बसवायचे. पाहुण्यांना वाटायचं, शहरात विमानविद्येची काय गोडी आहे! आम्ही आपले झोप आवरत बसायचो. सर, आज खरं सांगा, पुढच्या रांगेत आजही किती जण तसे आहेत?

पहिली चुकांची सभा मला आठवते. अध्यक्ष म्हणाले, बोला. मोठमोठे इंजिनिअर, सगळे ताटलीतले शेंगदाणे निवडत बसले. तेव्हा सर उठले. म्हणाले, तरुणपणी जेवणाची घंटा झाली म्हणून त्यांनी एक भाग न मोजताच सही केली. घास तोंडात घेतल्यावर आठवलं. तोवर पेटी स्टेशनला गेलेली. सर सायकलवर पार्सल ऑफिसात गेले आणि पेटीवर चक्क बसून राहिले. हमाल म्हणे, "साहब, आप भी पार्सल में जाओगे क्या?" पेटी परत आणली, भाग मोजला, तो बादच निघाला.

मागून काकू बोलल्या, "अन् डबा तस्साच घरी आला. भेंडी होती."

हॉल हसला, आणि मग एकेक जण बोलायला लागला. त्या वर्षीची शाल सरांनाच मिळाली. शाल काकूंचीच होती हा भाग वेगळा. तेव्हापासून तीच एक शाल फिरते, डांबरगोळ्यांचा वास घेऊन.

त्या सभेत मीही हात वर केला होता. सर म्हणाले, "तू सभासद नाहीस. इथं बोललेलं बाहेर जाणार नाही ही हमी फक्त सभासदाला. तू ऐक." तिथून आमचं भांडण. पण हा माणूस भांडून गप्प बसला का? मुख्य कार्यालयाच्या मागं लागला, वर्षानुवर्षं, आमच्यासारख्या कारागिरांना सभासद करा म्हणून. शेवटी त्यांनी केलं. सरांनी फोन केला, तर मी म्हणालो, आता मला नको. मी इकडं आलो होतो, रुसून.

इकडं विमानाच्या कारखान्यात पंखाचे पत्रे रिव्हेट मारून जोडतो. कामाला नावं ठेवणार नाही. पण इथं तशी सभा नाही. काही बिघडलं आणि मुकादमानं विचारलं, "कुणी केलं?" की सगळे आपापल्या बुटाकडं बघतात. मीही बघतो. त्या वेळी मला ते पोहे आठवतात, सर.

आता कळलं की सर लेकीकडं नाशिकला राहायला चालले, पत्ता बदलला म्हणून नावही नियमानं तिकडच्या शाखेत जाणार. पंचवीस सभासद नसतील तर शाखा बंद, असा नियम. सर गेले की चोवीस. पाहुणे सत्काराच्या शालीबरोबर शाखा बंद केल्याचं पत्रही घेऊन आलेत म्हणे. शाखा गेली की ती सभाही गेली.

पाहुणे, पत्र खिशातच राहू द्या. नव्या सभासदानं कुठली शाखा घ्यावी हे त्यानंच ठरवावं, हेही घटनेतच आहे. सरांनीच वाचून दाखवलं होतं. पुंजाराम, माझा अर्ज मॅडमच्या हातात दे. शाखा आपलीच लिहिली आहे.

आणि सर, पुढच्या सभेला नाशिकहून जरूर या. पुढच्या रांगेत बसा, पोहे खा. पण आता तुम्ही इथले सभासद नाही. बोलायचं नाही, ऐकायचं. मी सुट्टी काढून येतोय आणि मला एक सांगायचं आहे. काकू, शाल तेवढी उन्हात टाका.

ऐकून घेतलंत, उपकार झाले. बोलण्यात काही वाकडं गेलं असेल तर माफ करू नका, सभेपर्यंत राखून ठेवा. प्रवेश फी आणि वर्षाची वर्गणी मिळून पुंजारामच्या मोबाइलवर पाठवतोय, सहाशे पन्नास रुपये.